कासार्ड्याची वाळू व घरांतील कांच

खिडकीचें तावदान, औषधाची बाटली, मुलीबाळींच्या हातांतील बांगडी, या सर्व वस्तू मूळच्या वाळूच्याच, हें आपणांस ठाऊक असतें. परंतु ती वाळू कोठून येते याची विचारपूस आपण सहसा करीत नाहीं.

मालवणाकडून घाटाकडे निघालें असतां सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यांत कासार्डे व फोंडाघाट हा टापू लागतो. सर्वत्र जांभ्याची तांबडी भूमि. मधूनच पांढुरका, रवाळ वालुकाश्म. कर्नाटकांतील कलादगी गांवावरून भूशास्त्रज्ञ यास कलादगी संघांतील खडक म्हणतात. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा. हा त्याहून कित्येक पटींनीं जुना आहे.

किनाऱ्यावर एवढी वाळू पसरली असतां डोंगर कां खणावा, अशी शंका कोणासहि येईल. त्याचें उत्तर असें, कीं समुद्राच्या वाळूंत शिंपल्यांचा चुरा व लोहयुक्त काळे कण मिसळलेले असतात. लोहाचा अंश थोडा असला तरी कांचेस हिरवट झांक येते. म्हणून स्वच्छ कांचेच्या वाळूंत तो शेंकडा एक दशांशाहूनहि कमी लागतो. यास्तव खाणींतील दगड फोडून दळावयाचा, पाण्यानें धुवून माती काढावयाची व चाळून सारखा रवा निवडावयाचा. शुद्ध सिलिका वितळण्यास सुमारें १,७०० अंश उष्णता लागते. सोडा घातला म्हणजे हें काम कमी उष्णतेंत होतें. पण तेवढ्यानेंच केलेली कांच पाण्यांत विरघळते, म्हणून चुन्याची जोड द्यावी लागते.

महाराष्ट्रास हा धंदा नवा नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर पैसा पैसा गोळा करून पैसाफंड उभारला व त्यांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. पुढें १९१६ त ओगले बंधूंनीं औंध संस्थानांत कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्या आजोबांच्या ओसरीवर जळत असे.

परंतु कारखान्याची कीर्ति गातांना खाणींतील मजुरास विसरून चालणार नाहीं. सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत रुतते व तेथें कठीण व्रण पाडते. या सिलिकोसिस रोगावर रामबाण उपाय नाहीं, आणि क्षयाचें भय त्यामुळें वाढतें. प्रतिबंध मात्र साधा आहे: दगड ओला ठेवून फोडणें, चक्क्या झांकणें, योग्य मुखपट्टी देणें व छातीची नियमित तपासणी करणें. मजुराच्या घरच्या मंडळींनींहि धुळीचे कपडे वेगळे धुवावे.

दगड काढून झाला म्हणजे मालकाचें काम संपलें असेंहि नव्हे. या जिल्ह्यांत वर्षास सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या खड्ड्यांत पाणी सांचतें व गुरेंवासरें आणि मुलें यांस तें जिवावरचें ठरतें. धुण्याचा गाळ ओढ्यांत उतरला तर शेतें बिघडतात. १० फेब्रुवारी १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १० फेब्रुवारी २०१५ रोजीं सिलिका वाळू गौण खनिज ठरली व तिचें नियमन राज्य सरकारकडे आलें. तेव्हां खड्ड्यांस कुंपण, गाळास बांध व भूमीस पुन्हा झाडें, ही मागणी करण्याची जागा आतां मुंबईंतच आहे. कांच पारदर्शक असते. तिच्यापलीकडे ज्याची छाती झिजली तो मनुष्य आपणांस दिसावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.