दोन पाळ्यांचे पक्षी

पक्षी पाहावयास जाणे हा सवड असलेल्या लोकांचा छंद, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. सकाळचा भोंगा आणि संध्याकाळची गेटसभा यांत ज्याचे आयुष्य गेले त्याने दुर्बीण कशाला हाती धरावी? परंतु सवडसुद्धा कोणीतरी मिळवून दिलेली असते. ज्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. त्या सुट्टीचे काय करावे हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे. आम्ही काही मित्र हिवाळ्यातला एक शनिवार-रविवार जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना देतो. दिवसा पाणपक्षी आणि रात्री घुबडे, असा आमचा बेत असतो. त्या दोन दिवसांत जे पाहावयास मिळते आणि त्यामागची जी कारणे आम्ही समजून घेतली, ती येथे मांडीत आहो.

प्रथम पाण्याची गोष्ट. सह्याद्रीच्या कड्यावरून कुकडी, मीना आणि घोड या नद्या पूर्वेकडे निघतात. मोठी धरणे होण्यापूर्वी पावसाळा सरला की त्यांची पात्रे आटू लागत. पुढे कुकडी प्रकल्पातून येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे असे पाच जलाशय झाले. त्यांतले पाणी जुन्नर-आंबेगावपासून पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. ही धरणे बांधताना पक्ष्यांचा विचार कोणी केला नव्हता. पण उत्तरेकडे मध्य आशियात आणि सैबेरियात तळी गोठली, की तेथील बदके उपाशी मरण्याऐवजी दक्षिणेकडे येतात, आणि वरून जेथे पाणी चकाकताना दिसेल तेथे उतरतात. ते पाणी निसर्गाचे की पाटबंधारे खात्याचे, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

नवख्या माणसाची पहिली चूक अशी होते की तो जलाशयाच्या मध्यावर दुर्बीण लावून बसतो. खोल पाण्यात बहुतेक बदकांना खावयास काही मिळत नाही. पावसाळा संपताना धरण भरलेले असते. रब्बीचे आवर्तन सुटले की पातळी उतरू लागते आणि काठाने ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या उथळ पाण्यात गवताचे बी, किडे, गोगलगायी यांची रेलचेल असते. म्हणून पाहणाऱ्याने काठाकडे पाहावे. थापट्या बदक आपल्या फावड्यासारख्या रुंद चोचीने पाणी गाळत चालते. चोचीच्या कडांना फणीसारखे दाते असतात, त्यांत अन्न अडकते आणि पाणी निघून जाते. तलवार बदक शेपूट वर आणि डोके खाली करून तळातले अन्न टिपते. भिवई बदकाच्या नराची पांढरी भिवई दुरूनही ओळखू येते. हळदी-कुंकू बदक मात्र परदेशचे पाहुणे नव्हे. ते बारमाही इथलेच. चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके, असे त्याचे नाव आमच्या लोकांनी अचूक ठेवले आहे. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा दिसणारा जो पक्षी थव्याने पोहतो, त्याला वारकरी म्हणतात. ही नावे पुस्तकात जाण्यापूर्वी काठावरच्या माणसांच्या तोंडी होती.

थवा मोजावयाचा कसा, हेही सांगितले पाहिजे. आधी दहा पक्षी नीट मोजावेत, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवावे, आणि मग तेवढेच तुकडे थव्यावरून मोजत जावे. हजारांचा थवा असेल तर शंभरांचा तुकडा घ्यावा. मोर्चात माणसे किती आली याचा अंदाज आम्ही आयुष्यभर याच रीतीने करीत आलो. हे मोजणे निव्वळ करमणुकीसाठी नाही. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. वर्षानुवर्षे त्याच पाण्यावर, त्याच रीतीने केलेली नोंद असली, तरच पक्षी घटले की वाढले हे सांगता येते. एका वर्षाचा आकडा मुका असतो; दहा वर्षांचे आकडे बोलू लागतात.

सूर्य कलला की पाण्यावर हालचाल सुरू होते. दिवसभर डुलक्या घेणारी पुष्कळशी बदके अंधार पडता पडता उठतात आणि चरावयास शेतांकडे व उथळ डबक्यांकडे जातात. चक्रवाकाची जोडी रात्री दुरावते आणि नदीच्या दोन काठांवरून एकमेकांस हाका मारते, असे संस्कृत कवी सांगत आले. हा पक्षी रात्रीही चरतो, आणि चरताना जोडीतले दोघे अंतर पडले तर एकमेकांना साद घालतात. कवींनी विरह कल्पिला असेल, पण हाक ऐकली होती ती खरी.

येथे दिवसपाळी संपते आणि रातपाळी सुरू होते. घुबडाचे शरीर या पाळीसाठीच घडलेले आहे. त्याचे डोळे एवढे मोठे आणि नळीसारखे असतात की ते खोबणीत फिरू शकत नाहीत. म्हणून तो मान फिरवतो, आणि तीही एका बाजूस सुमारे २७० अंशांपर्यंत. गव्हाणी घुबडाचा पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारे ताटच होय. त्याचे दोन कान एका पातळीत नसतात, एक किंचित वर तर एक खाली. त्यामुळे उंदराची खसखस दोन्ही कानांत जरा वेगवेगळी पोहोचते, आणि त्या फरकावरून उंदीर कोठे आहे हे त्याला समजते. संपूर्ण अंधाराच्या खोलीतही हे घुबड नुसत्या आवाजावर उंदीर पकडते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. शिवाय पिसांच्या कडेला मऊ झालर असल्यामुळे उडताना त्याच्या पंखांचा आवाज होत नाही.

या भागात जुने वाडे आणि देवळांच्या माळ्यांवर गव्हाणी घुबड राहते, नदीकाठच्या दरडींच्या कपारींत मोठे शृंगी घुबड, आणि वड-आंब्यांच्या ढोलीत पिंगळा. शृंगी घुबडाची शिंगे म्हणजे शिंगे नव्हेत आणि कानही नव्हेत. ती उभी राहणारी पिसे आहेत. घुबड शिकार बहुधा सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकून देते. झाडाखाली सापडलेली अशी एक गोळी आम्ही पाण्यात भिजवून सोडविली. तिच्यात उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. शेतकऱ्याचा हा राखणदार पगार मागत नाही, याहून मोठा पुरावा तो काय?

तरीही त्याच्या वाट्याला येतात ते दगड. पहाटे अंधारात कंदील आणि कुडमुडे घेऊन येणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातून धान्य घालतो, आणि ज्या पक्ष्याची भाषा त्याला कळते असे मानतो, त्या पक्ष्याला अशुभ म्हणून हाकलतो. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे चोरून पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. त्याहून गुपचूप मरण येते ते विषाने. काही विषांनी उंदीर लगेच मरत नाही, अर्धमेला होऊन उघड्यावर फिरतो. तो घुबडाने खाल्ला की तेच विष घुबडाच्या पोटात जाते. समजूत बदलता येते, हेही दिसले आहे. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशनने २०१८ साली घुबडांचा महोत्सव भरविला आणि शाळेची मुले घुबडाची चित्रे काढू लागली.

एका थंडीत जुन्नरजवळ, रस्त्याकडेच्या आंब्यावर पिंगळ्याची जोडी आम्ही विजेरीच्या झोतात पाहत होतो. बांधावरून एक गडी आला. तो रात्री उसाला पाणी देत होता, कारण शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. तो म्हणाला, “पाव्हणं, बॅटरी त्याच्या डोळ्यांवर नका मारू. आंधळं होतंय ते घडीभर. अन् उसाकडं सरकू नका, बिबट्या हिंडतोय.” आम्ही ओशाळलो. आमची रात्रीची फेरी ही हौस. त्याची रोजची पाळी. या तालुक्यांत बिबट्याने माणसे मारली आहेत, म्हणून दिवसा वीज द्या ही मागणी येथे जिवाची आहे. ज्या अंधारात आम्ही दोन तास घुबड ऐकावयास जातो, त्याच अंधारात तो माणूस आठ तास उभा असतो. आता आम्ही विजेरीला लाल कागद लावतो, तीही क्षणभरच पेटवतो, मोबाइलवर घुबडाचा आवाज लावून त्याला फसवून बोलावीत नाही, घरट्याजवळ थांबत नाही, आणि गावातल्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय रात्री वस्तीबाहेर जात नाही.

रविवारी सकाळी आम्ही घोडेगाववरून डिंभ्याकडे जातो. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते जुने गाव या जलाशयाच्या पाण्याखाली आहे. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या महादेव कोळी कुटुंबांपैकी काही जण पाण्यात मासेमारी करतात आणि पाणी उतरले की उघड्या पडलेल्या काठावर पीक घेतात. बदकांचे ताट म्हणून आम्ही सांगितलेला चिखलाचा पट्टा तो हाच! शहरातला पक्षिप्रेमी येथे उभा राहून सहज म्हणेल की, काठ पक्ष्यांसाठी राखा आणि माणसांना दूर ठेवा. पण ज्याचे गाव एकदा बुडाले त्याला दुसऱ्यांदा उठवून पक्षी वाचणार नाहीत. पक्ष्यांचा तेवढा एक वैरी मात्र वाढेल. थवा कधी उतरला, कोणत्या खाडीत निजतो, जाळ्यात कोणता पक्षी अडकतो, हे मासेमाराला जेवढे ठाऊक तेवढे आमच्या दुर्बिणीला कोठून ठाऊक असणार? गणनेच्या वहीत त्याचे सांगणे उतरले पाहिजे, आणि काठाचा निर्णय होताना त्यालाही बैठकीला बोलाविले पाहिजे.

तेव्हा येत्या हिवाळ्यात आपणही एक रविवार काढावा. दुर्बीण नसली तरी चालेल, वही असावी. पक्षी मोजावेत, आणि काठावर जो काम करीत असेल त्याच्याशी दोन शब्द बोलावे. आमच्या वहीत डाव्या पानावर पक्ष्यांचे आकडे असतात आणि उजव्या पानावर माणसांनी सांगितलेले. वर्षाअखेरीस उलगडून पाहतो तेव्हा उजवे पान अधिक भरलेले असते.