पिंपळगावात पडाव

पिंपळगाव बसवंतला द्राक्षे आहेत, कांदा-टोमॅटोचा मोठा बाजार आहे, मुंबई-आग्रा महामार्ग आहे. समुद्र मात्र नाही. इथल्या घरात रविवारी पेपरातले शब्दकोडे उघडावे आणि विषय निघावा शिडाच्या जहाजांचा! तरीही ते सुटते. कसे, हे पाहू लागले की मराठी अक्षराचेच अप्रूप वाटते.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले. इंग्रजी कोड्यात एका घरात एकच रोमन अक्षर, म्हणजे पर्याय २६. आपल्या घरात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते. नुसती बाराखडी मांडली तरी चारशेच्या पुढे अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच.

त्यामुळे गमती होतात. ‘वाऱ्याने फुगते, दोन अक्षरे’: शीड. ‘त्याचा आधार, चार अक्षरे’: डोलकाठी. समुद्रात ही दोघे एकमेकांना सोडत नाहीत, कोड्यात मात्र जुळत नाहीत. ‘ड’च्या घरात ‘डो’ मावत नाही. सुकाणू जहाजाच्या मागच्या टोकाला, डोलकाठीपासून लांब, पण कोड्यात दोघांची गाठ ‘का’वर पडते. आणि खलाशी जिथे संपतो, नेमके तिथूनच शीड सुरू होते. हे कुणी ठरवून केलेले नाही!

सोडवणाऱ्याची तर चंगळच. एक घर भरले की चारशेंतून एक निवडून झालेले असते. दोन अक्षरी शब्दाच्या शेवटी ‘ल्हे’ दिसले, की कधी होडीत न बसलेल्यालाही ‘वल्हे’ सुचते. हाल होतात ते कोडे रचणाऱ्याचे. ‘ल्हे’ला छेद द्यायला तो शब्द कुठून आणणार? जिल्हे, नाहीतर कोल्हे. (द्राक्षांच्या मुलखात कोल्ह्याची आधीच पुरेशी बदनामी झालेली आहे.) म्हणून मराठी कोड्यात काळी घरे भरपूर लागतात.

बाकीचे शब्द इतिहासाच्या पुस्तकातून आलेले असतात. कान्होजी आंग्रे यांचे पद, चार अक्षरे: सरखेल. त्यांच्या आरमारातले मोठे जहाज गुराब, हलके आणि वल्ह्यांनीही चालणारे ते गलबत. अलीकडचे हवे असेल तर दिलीप दोंदे घ्या. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकट्याने शीड उभारून निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून मे २०१० मध्ये परतले. त्यांची बोट ‘म्हादेई’, अवघी तीन घरे. इथली द्राक्षेही न्हावा-शेव्याहून जहाजानेच युरोपला जातात, पण त्या जहाजांना शीड नसते, म्हणून ती या कोड्यात उपयोगाची नाहीत.

आता गावाचेच नाव आडवे लिहा. ‘प’पासून खाली पडाव सोडता येतो. ‘ळ’वर वरून जहाजाची नाळ येऊन टेकते. शेवटच्या ‘व’ला वल्हे लावा. ‘बसवंत’च्या ‘ब’मधून गलबत जाते, ‘स’पासून सरखेल उतरतात, ‘पिं’खाली पिण्याच्या पाण्याचे पिंप ठेवता येते आणि ‘वं’ला वंगण. फक्त ‘गा’ आणि ‘त’ रिकामे आहेत. सुचतो का एखादा दर्यावरचा शब्द?