फाइलीही भट्टीतून निघाल्या!

जानेवारी २०१०मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला, कार्नेगी मेलन विद्यापीठात, एका संगणकाला वाचायला बसवलं. रात्र नाही, सुट्टी नाही. नाव ‘नेल’, म्हणजे ‘नेव्हर एंडिंग लँग्वेज लर्नर’. टॉम मिचेल यांच्या चमूनं त्याच्यापुढे ५० कोटी वेबपानं ठेवली होती. डग्लस लेनट यांच्या ‘साइक’ प्रकल्पात १९८४पासून माणसं व्यवहारज्ञान एकेक विधान करून हातानं भरत होती. इथे यंत्रानं ते आपलं आपण वाचून मिळवायचं होतं.

पाटी अगदीच कोरी नव्हती. शहर, कंपनी, भावना, खेळाडू असे काहीशे कप्पे आखून दिले होते आणि नमुन्यादाखल प्रत्येकात दहा-पंधरा नावं. नेल ती नावं पानांत शोधायचा, त्यांच्या शेजारचे शब्द टिपून ठेवायचा. शहरांच्या नावापाशी ‘अमुकचे महापौर’ वारंवार दिसलं, की त्याच जागी आलेलं अनोळखी नावही शहरांत जमा. त्या नव्या नावांवरून पुन्हा नव्या खुणा.

मेख इथेच होती. आत शिरलेली चूकही आपलं गोत जमवते. ‘इंटरनेट कुकीज’ बेकरीच्या पदार्थांत जाऊन बसल्या. लोक कुकीज डिलीट करतात, तशा फाइलीही करतात. मग फाइलीही नानकटाईच्या पंगतीला!

म्हणून नेलच्या आत एकच वाचक नव्हता. एक वाक्यरचना बघायचा, दुसरा वेबपानांवरच्या याद्या आणि तक्ते, तिसरा शब्दाची घडण, तर चौथा जमलेल्या माहितीवरून नियम बांधायचा. शिवाय शहर ते खेळाडू नव्हे, अशी बंधनं. मला विचाराल तर नेलची करामत भरभर वाचण्यात नव्हती, या आपसातल्या उलटतपासणीत होती. तीही पुरी पडली नाही. पहिल्या ६७ दिवसांत सुमारे २ लाख ४२ हजार गोष्टी जमल्या, त्यातल्या अंदाजे ७४ टक्के बरोबर. सुरुवातीच्या तीनेक आठवड्यांत हे प्रमाण ९० टक्के होतं, शेवटच्या तीनेक आठवड्यांत ५७. सहा महिन्यांनी संशोधकांनी मधे पडायचं ठरवलं: दर दोन आठवड्यांनी प्रत्येक कप्प्यावर पाच मिनिटं नजर टाकायची आणि ढळढळीत चुका काढायच्या.

हा विद्यार्थी मराठी वाचायला बसला असता तर? इंग्रजीत ‘मेयर ऑफ’पुढे गावाचं नाव जसंच्या तसं उभं राहतं. मराठीत पुणे ‘पुण्याचे’ होतं. प्रत्यय काढला तरी हाती ‘पुण्या’च. तिथून ‘पुणे’ गाठायचा नियम त्यानं शिकला आणि तोच ‘साताऱ्याचे’ला लावला, तर शहरांच्या कप्प्यात ‘सातारे’ दाखल. मग कंदी पेढे कुठले, हे त्याला सातारकरांनीच सांगायचं.