वाळू उकळते तेव्हा!

बोईसरहून तारापूर एमआयडीसीकडे निघालं की धुराडी दिसायला लागतात. मोजता मोजता थकशील! इथे औषधं बनतात, रंग बनतात, कापड रंगतं. आणि या सगळ्याला काय लागतं, ओळख बरं? वाफ! ती बनवायला बॉयलर पेटवावा लागतो. कुठे गॅसवर, कुठे कोळशावर, कुठे फर्नेस ऑईलवर. हे तेल काळंकुट्ट. आणि इतकं घट्ट, की गरम केल्याशिवाय धड वाहतच नाही!

त्यात गंधक दडलेलं असतं. तेलाबरोबर तेही जळतं आणि सल्फर डायऑक्साइड तयार होतो. नाकात गेला की ठसका, पावसात मिसळला की आम्लाचा पाऊस. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. हवा, पाणी, जमीन मिळून प्रदूषण जितकं जास्त, तितके गुण जास्त. तारापूरला ९३.६९! देशात पहिला नंबर! असला नंबर कुणाला हवाय?

मग हा गंधकाचा वायू पकडायचा कसा? गंमत ऐक. वाळूच्या मदतीने!

भडभुंज्याची कढई पाहिलीयस ना? तापलेल्या वाळूत चणे कसे एकसारखे भाजतात! आता समज, त्या कढईच्या तळाला बारीक भोकं पाडली आणि खालून हवा सोडली. वाळू उडून जाईल? छे! हवेचा जोर बेताचा ठेवला तर कण न् कण तरंगायला लागतो. बुडबुडे येतात. वाळू चक्क उकळते!

खोटं वाटतंय? अशा वाळूच्या तळाशी प्लास्टिकचा पोकळ चेंडू पुरला, तर हवा सुरू होताच तो टुणकन वर येतो आणि तरंगतो! लोखंडाची गोळी मात्र डुबुक करून तळाला. वाळू कोरडी ठक्क, वागणं पाण्याचं! याचं नाव फ्लुइडाइज्ड बेड. कोळशाच्या बॉयलरमध्ये ही युक्ती आपल्याकडे सर्रास वापरतात. तेलही असं जाळता येतं.

ही वाळू साधारण ८५० अंश सेल्सिअसला तापवतात. तिच्यात चुनखडी मिसळतात. चुनखडीचा होतो चुना, आणि चुना गंधकाच्या वायूला गच्च धरतो. दोघांचं मिळून होतं कॅल्शियम सल्फेट. तुझ्या वर्गातला खडू बहुधा त्याचाच असतो!

अजून एक नवल. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी राहतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. ज्योत दीड हजार अंशांवर गेली की मात्र त्यांची जोडी जमते आणि नायट्रोजन ऑक्साइड हा त्रासदायक वायू होतो. ८५० अंशांना ही जोडी जवळजवळ जमतच नाही. (तेलात स्वतःचा नायट्रोजन असला, तर त्याचा थोडा वायू होतोच.) आणि चुन्याला गंधक पकडायला कोणतं तापमान आवडतं? तेच, ८५०च्या आसपास! एकाच आचेवर दोघांची जिरली!

तेलाची एक खोड मात्र आहे. कोळशाचा तुकडा वाळूत बराच वेळ घोळतो. तेलाची लगेच वाफ होते, आणि ती बुडबुड्यात बसून वर पळते, हवेशी नीट भेट न होताच! मग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी होते. म्हणून तेल एकाच जागी ओतत नाहीत. तळाजवळ, बऱ्याच बारीक तोंडांतून, हवेबरोबर फवारतात.

आणि कार्बन डायऑक्साइड? तो काही या वाळूत सापडत नाही. उलट चुनखडीचा चुना होताना तिच्यातूनच आणखी थोडा बाहेर पडतो!