दारू आधी की उदासी आधी?

‘दारू सोडली तर माणूस सोन्यासारखा आहे,’ असं घरचे ज्याच्याबद्दल सांगतात, तो कित्येक महिने धड झोपलेलाच नसतो. बाटली दिसते, उदासी दिसत नाही. पुरुषांमधलं नैराश्य अनेकदा रडण्यातून नव्हे, चिडचिडीतून बाहेर येतं आणि ती चिडचिड दारूच्या खाती जमा होते.

पहिल्या पेगने बरं वाटतं, हे खोटं नाही. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम दारू वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’ला दाबते. रोज हेच होऊ लागलं की मेंदू समतोलासाठी उलट दिशेने जोर लावतो. रात्री नशा उतरते, जोर तसाच राहतो. म्हणून पहाटे तीन-चारला जाग येते, छाती धडधडते, नको ते विचार सुरू होतात. झोपेसाठी घेतलेली दारूच झोप मोडते; संध्याकाळी त्यावर उपाय म्हणून पुन्हा तोच ग्लास.

मग मूळ आजार कुठला? मार्क शुकिट आणि सँड्रा ब्राउन यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या १९१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांत व्यसन हाच मूळ आजार होता. उपचारासाठी दाखल होताना त्यांपैकी ४२ टक्के जणांत दखल घेण्याजोगं नैराश्य होतं. चार आठवडे दारूविना गेल्यावर ते ६ टक्क्यांतच उरलं. म्हणजे बऱ्याच जणांची उदासी दारूनेच आणलेली असते आणि तिच्याबरोबरच ओसरते.

पण यावरून ‘आधी दारू सोड, मग बघू’ म्हणणं चुकीचं, क्वचित जीवघेणंही. पिणं सुरू होण्याआधीपासून नैराश्य असेल, किंवा पूर्वी दारू दीर्घकाळ बंद असतानाही ते आलं असेल, तर दोन्हींवर एकत्रच उपचार हवेत. आत्महत्येचे विचार येत असतील तर ते चार आठवडे थांबत नाहीत. दारू चढली की विचार आणि कृती यांच्यातलं अंतर कमी होतं. एरवी स्वतःला आवरणारा माणूस त्या तासाभरात आवरू शकत नाही. त्याला सरळ विचारावं, ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही निव्वळ समजूत आहे. उलट बोलायला वाट मिळते.

घरच्या घरी होणाऱ्या काही गोष्टी मात्र धोक्याच्या. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडली, तर पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. झोपेच्या गोळीवर दारू घेतली तर श्वास मंदावतो. ‘आज पार्टी आहे’ म्हणून नैराश्याची गोळी परस्पर चुकवणंही बरं नव्हे. पिणं होतंय हे डॉक्टरांना सांगावं, ते ओरडतील या भीतीने लपवू नये. आणि जेवणात गुपचूप कालवलं जाणारं दारू सोडवण्याचं औषध? ते डायसल्फिराम असेल आणि त्याला न सांगता दिलं असेल, तर वर दारू पडताच रक्तदाब कोसळू शकतो. हेतू कितीही चांगला असो, हा प्रकार अघोरीच.

उपचार म्हणजे दरवेळी मोठं रुग्णालय असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवरचा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के जण आधीच्या १४ दिवसांत दारूला शिवले नव्हते; केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. नैराश्यासाठीही याच संस्थेने असंच समुपदेशन आजमावलं आणि तिथेही फायदा दिसला.

केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असून मराठीतही बोलता येतं. पिणारा तयार नसेल तर घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.