ठाण्याची खाडी आणि रोहित पक्षी : गैरसमज व वस्तुस्थिती

हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीकाठी आणि नेरूळच्या तळ्यांपाशी दुर्बिणी घेऊन येणाऱ्या मंडळींची वर्दळ वाढू लागली, की रोहित म्हणजेच फ्लेमिंगो पक्ष्यांविषयीच्या नाना समजुतीही कर्णोपकर्णी पसरू लागतात. त्यांतील काही निरुपद्रवी असल्या, तरी काही पक्ष्यांच्या जिवावर बेतणाऱ्या असल्यामुळे त्यांचे निरसन करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : रोहित सैबेरियातून येतात आणि येथे अंडी घालतात.
वस्तुस्थिती : आपल्याकडील रोहितांचे प्रमुख विणीचे स्थान गुजरातेत, कच्छच्या रणात असून, तेथे चिखलाचे बुटके उंचवटे रचून ते अंडी घालतात, येथे ते येतात ते केवळ अन्नासाठी, आणि पाऊस तोंडावर आला की बहुतेक परततात.

गैरसमज : त्यांचा गुलाबी रंग जन्मजात असतो.
वस्तुस्थिती : पिल्ले करड्या रंगाची असतात. मान वाकवून, चोच उलटी करून रोहित पाण्यात चरू लागला, की त्याची जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व बाहेर लोटते, आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांत सूक्ष्म शैवाल अडकून राहते; त्यातील रंगद्रव्यांमुळेच पिसांना हळूहळू ती लाली चढते.

गैरसमज : एवढे पक्षी उतरतात, त्याअर्थी खाडी निर्मळ आहे.
वस्तुस्थिती : सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवरही शैवाल फोफावते, सबब पक्ष्यांची गर्दी हा स्वच्छतेचा दाखला मानता येत नाही.

गैरसमज : दुर्गंधीयुक्त चिखल आणि तिवरांचे रान म्हणजे पडीक जमीन.
वस्तुस्थिती : ती दुर्गंधी बहुतांशी प्राणवायूविरहित गाळातील नैसर्गिक विघटनाची असते. त्याच गाळातून श्वासमुळे वर काढून उभी असलेली तिवरे मासळी-कोळंबीच्या पिल्लांना आसरा देतात, लाटांचा जोर मोडतात आणि सोनेरी कोल्ह्यालाही थारा देतात.

गैरसमज : अभयारण्य जाहीर झाले, आता पक्षी सुरक्षित झाले.
वस्तुस्थिती : ६ ऑगस्ट २०१५ रोजी सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र सरकारदप्तरी अभयारण्य म्हणून नोंदले गेले आणि २०२२ साली ठाणे खाडीचा रामसर यादीत समावेश झाला, हे खरे, परंतु भरतीचे पाणी चढून चरण्याचा चिखल बुडाला, म्हणजे रोहितांचे थवे विसाव्यासाठी ज्या तळ्यांचा आश्रय घेतात, ती नेरूळची डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्य ही पाणथळे या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. खाडीचे पाणी तेथे येण्याची वाट बुजवली, तर अभयारण्याचा एक तसूही भाग न तोडता पक्ष्यांचा निवारा हिरावला जातो.

गैरसमज : कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकणे हे पुण्यकर्म होय.
वस्तुस्थिती : तळलेले, खारट पदार्थ त्यांना अपायकारक असतात, आणि आयत्या खाण्याला सोकावलेला पक्षी माणसांच्या व वाहनांच्या नाहक जवळ येतो.

तेव्हा खाडीवर अवश्य जावे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होणारी नौकाफेरी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठरवावी, पक्ष्यांपासून अंतर राखावे आणि थवा उडवून छायाचित्र टिपण्याचा मोह आवरावा. अभयारण्याची हद्द कागदावर आखता येते, पक्ष्यांची आखता येत नाही. म्हणून नेरूळच्या तळ्यांत भरतीचे पाणी खेळते राहील, यासाठी नवी मुंबईच्या प्रत्येक नागरिकाने आग्रह धरला पाहिजे.