पंधराव्या वर्षी कृष्ण, सत्तेचाळिसाव्या वर्षी खाँसाहेब

नौपाड्यातून बोलतोय, त्यामुळे मागे गोखले रोडचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात एका मित्राने विचारलं, "गायकावरच्या सिनेमात त्याचं पोरवय एवढं का दाखवतात? डायरेक्ट मैफलीवर या ना!" आज 'मी वसंतराव' हा सिनेमा घेऊन याचं उत्तर शोधूया. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शक, रिलीज एप्रिल २०२२. पं. वसंतराव देशपांडेंची भूमिका केलीय त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी, आणि गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

अशा सिनेमांत पोरवयाचं एक ठरलेलं काम असतं : शिक्का मारणं. लोकमान्य टिळकांनी छोट्या नारायण राजहंसांना 'बालगंधर्व' म्हटलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. कुणीतरी मोठा माणूस पोराचं गाणं ऐकतो, थक्क होतो, आणि पुढचा रस्ता मोकळा. प्रेक्षक निवांत होतो, कारण आता यश येणार हे नक्की.

वसंतरावांच्या बाबतीत शिक्का लागला, पण रस्ता काही मोकळा झाला नाही. तारखाच बघा. जन्म १९२०. भालजी पेंढारकरांनी त्यांना 'कालियामर्दन' सिनेमात कृष्ण केलं ते १९३५ मध्ये, म्हणजे वय पंधरा. आणि 'कट्यार काळजात घुसली' मधले खाँसाहेब म्हणून घराघरांत नाव झालं ते १९६७ मध्ये. वय सत्तेचाळीस! मधली बत्तीस वर्षं गेली कुठे? त्यातली दोन दशकांहून जास्त वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात. पुण्यात कारकुनी, मग पार नेफापर्यंत बदली.

मग त्या पोरवयाचा उपयोग काय झाला? माझ्या मते, तेव्हा जमा झालं ते पुढे कामाला आलं. नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे तालीम. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीची छाप. लाहोरला मामांकडे राहताना असद अली खाँकडून मिळालेला मारवा. मारव्यात 'सा'वर फारसं थांबत नाहीत. रिषभ आणि धैवतावरच खेळ चालतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला सारखं वाटत राहतं, घरी कधी पोचणार? बत्तीस वर्षांची ती वाट मला तशीच वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे घर. जॉन लेननच्या पोरवयावर 'नोव्हेअर बॉय' नावाचा २००९ चा सिनेमा आहे. त्यात प्रसिद्धी जवळजवळ नाहीच. सांभाळणारी मावशी, दुरावलेली आई, आणि तो सतरा वर्षांचा असताना त्या आईचा मृत्यू, एवढंच आहे. 'मी वसंतराव' मध्येही कणा आईच आहे. अनिता दातेने केलेली राधाबाई नवऱ्याचं घर सोडून एकटीने पोराला वाढवते आणि गाणं शिकायला पाठवते. पोरवयात कलाकार स्वतः कमावत नसतो. म्हणून त्या वयाचा प्रामाणिक सिनेमा हा त्याच्यासाठी कुणी काय सोसलं, याचाही सिनेमा असतो.

एक मात्र लक्षात ठेवा. ही गोष्ट घरच्याच माणसाने सांगितलेली आहे. वसंतराव १९८३ मध्ये गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे आजोबा त्यांना भेटले ते मुख्यतः रेकॉर्डिंगमधून आणि इतरांच्या आठवणींतून. सिनेमात माया दिसते, ती त्यातूनच आलीय. पण सिनेमा म्हणजे पुरावा नव्हे.

आता माझं सांगतो. बारावीला तबल्याचा क्लास सोडला. "इंजिनिअर झालो की परत सुरू करू" म्हटलं होतं. नोकरीला सहा वर्षं झाली, तबला अजून माळ्यावरच आहे. सिनेमा बघून पहिल्यांदा वाटलं, चला, अजून वेळ आहे! मग डोक्यात प्रकाश पडला. वसंतराव उशिरा प्रसिद्ध झाले, पण गाणं त्यांनी कधीच थांबवलं नव्हतं. ऑफिस सांभाळून गातच होते. उशीर आणि खंड, यांत फरक आहे मंडळी.

तर या रविवारी तबला खाली काढतोय. शाई गेली असेल, तर आधी दुरुस्ती. तुमच्या माळ्यावर काय आहे, ते व्हॉइस नोट करून पाठवा. आणि आज घरी जाताना, सूर्य मावळायच्या सुमारास, वसंतरावांचा मारवा लावा. भेटू पुढच्या भागात!